इथून घर दिसतं

मिसेस पेल्की काही वाईट बाई नव्हत्या. नीमी गावच्या शाळेत बावीस वर्षं त्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणालाही खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. लिनिया हार्यूलाही सांगितलं नाही. ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यांनी तिचा निबंध वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चांगला आहे. पण हा कुणीही लिहील."

निबंध ब्लूबेरी वेचण्यावर होता. ऑगस्टमध्ये टेकडीवर डबे घेऊन जायचं, अस्वलं यायच्या आत परतायचं, बोटं आठवडाभर जांभळी राहायची, असं सगळं त्यात होतं. लिनियाला तो आवडला होता. मिसेस पेल्कींनी तिला समजावलं की एक नोव्हेंबरच्या आत अर्ज गेला तर डिसेंबरात निकाल कळतो, मोठ्या शिष्यवृत्त्याही याच मुलांत वाटल्या जातात. तिचे गुण असे होते की पैशांची काळजी नव्हती. पण राज्याच्या दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठाचं ऑनर्स कॉलेज, म्हणजे निवडक मुलांचे वेगळे वर्ग आणि वेगळं वसतिगृह, तिथे गुण सगळ्यांनाच असतात. तिथे निबंध बघतात. एवढं बोलून त्या थांबल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुला ज्याच्याबद्दल लिहायचं नाहीये, ते मला माहीत आहे. नको असेल तर नको लिहूस. पण लिहिलंस तर ते फक्त तुझं असेल."

नीमी गावात ते माहीत नसलेला माणूसच नव्हता.

लिनियाचा भाऊ आर्वो वीस वर्षांचा होता. लाकूडतोडीच्या कंपनीत यंत्रं दुरुस्त करायचा. मार्चच्या मध्यावर, एका शनिवारी दुपारी, तो पाइक लेक या गोठलेल्या तळ्यावरची आपली मासेमारीची खोपटी आणायला बर्फावर चालणारी स्नोमोबाइल घेऊन गेला. महिनाअखेर सगळ्यांनाच खोपट्या बर्फावरून काढाव्या लागतात. नदी जिथे लेकला मिळते तिथे खालून पाणी वाहत असतं आणि वरचा बर्फ दिसतो तेवढा जाड नसतो, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आर्वोलाही होतं. तरी तो त्या बाजूने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणबुड्यांनी त्याला काढलं. माती गोठलेली होती, म्हणून त्याला पुरलं ते थेट मेमध्ये.

एवढं गावाला माहीत होतं. बाकीचं फक्त लिनियाला.

त्या दुपारी ती घरी एकटी होती. आई रोंडा वृद्धाश्रमात ड्यूटीवर, बाप वेन काउंटीच्या रस्त्यांवर बर्फ काढायच्या गाडीवर. एप्रिलमधल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा सराव म्हणून लिनिया स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घड्याळ लावून पेपर सोडवत बसली होती. सकाळीच तिचं आणि आर्वोचं भांडण झालं होतं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी टेबलावर पालथा ठेवलेला फोन घरघरला. तिने उलटा करून पाहिलं, आर्वो. तिने तो परत पालथा ठेवला. दोन मिनिटांनी परत. मग तीन एक्कावन्नला परत, आणि या वेळी तो खूप वेळ वाजत राहिला, टेबलावर सरकत सरकत पेन्सिलीच्या डब्याला जाऊन टेकला. तिने भूमितीचं गणित पूर्ण केलं. पेपर संपल्यावर तिने उलटा फोन केला, तेव्हा तो लागला नाही. ते तळं त्यांच्या घरापासून जेमतेम मैलावर. गाडी अंगणातच होती.

तो कशासाठी फोन करत होता? खोपटी ओढायला मदत हवी होती का? ती गेली असती तर तो नदीच्या बाजूने न जाता सरळ किनाऱ्याने आला असता का? की शेवटचा फोन बर्फ फुटल्यावरचा होता? संध्याकाळी शेरिफच्या माणसाने विचारलं, तुला काही म्हणाला होता का, तेव्हा ती नाही म्हणाली आणि ते खरंही होतं. मग बाथरूमला कडी लावून तिने फोनमधून त्या तीन फोनच्या नोंदी पुसून टाकल्या.

एप्रिलमध्ये परीक्षा होती. तुला बसायलाच हवं असं नाही, पुढच्या फेरीत दे, असं शाळेने सांगितलं होतं. ती बसली. फार चांगले गुण पडले. राज्यभरातल्या मोजक्या मुलांना पडतात तसे. मिसेस पेल्कींनी तिला मिठी मारली तेव्हा लिनियाच्या अंगावर काटा आला.

तर ऑक्टोबरात, शाळेच्या लायब्ररीत, ती आर्वोवर लिहायला बसली. सुरुवातीला सगळं जसं घडलं तसं लिहिलं. टेबल, पेपर, घड्याळ. फोन वाजला, इथवर आली आणि तिची बोटं थांबली. मग तिने लिहिलं, 'मी फोन उचलला.'

ते वाक्य लिहिल्यावर तिला जे वाटलं ते ती नंतर कितीदा आठवत राहिली. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिने फोन उचलला होता आणि पलीकडे तो होता, नेहमीसारखा धापा टाकत, नाक ओढत. तो म्हणाला, 'काय प्रोफेसर, अजून गणितंच का?' तो तिला तसंच म्हणायचा. तो म्हणाला, बर्फ निळा दिसतोय, सगळीकडे शांत आहे. मग म्हणाला, 'इथून घर दिसतं.' आणि फोन ठेवला. दहा मिनिटं लिनिया त्या बोलण्यात होती. मान वर केली तेव्हा लायब्ररीत कुणीतरी खुर्ची सरकवत होतं.

निबंध पुसून टाकावा असं तिला वाटलं होतं. पण तो चांगला झाला होता, आणि मुख्य म्हणजे पुसला असता तर फोन पुन्हा न उचललेला झाला असता. तिने तो तसाच पाठवला. आईबापांना दाखवला नाही.

डिसेंबरच्या मध्यावर निकाल आले. प्रवेश मिळाला, चार वर्षांची सगळी फी माफ करणारी गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळाली. वेनने आपल्या रोड कमिशनच्या ऑफिसात डोनट वाटले. चार दिवसांनी ऑनर्स कॉलेजचं पत्र आलं, ते जाड कागदावर, टपालाने. लिनिया शाळेतून आली तेव्हा रोंडा अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी होती आणि उघडलेलं पत्र तिच्या हातात होतं.

छापील मजकुराखाली डीन थेरेसा लोमॅक्स यांनी निळ्या शाईने दोन ओळी स्वतः लिहिल्या होत्या. तुमच्या भावाचं 'इथून घर दिसतं' हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. अशी विद्यार्थिनी आमच्याकडे येतेय याचा आनंद आहे.

"हे काय आहे?" रोंडाने विचारलं.

मार्चपासून रोंडा जेवायची म्हणजे ताटात चमचा फिरवायची. ती बोलायची ते ड्यूटीच्या वेळा आणि औषधं एवढंच. तिच्या चेहऱ्यावर लिनियाने इतक्या महिन्यांत काही उमटलेलं पाहिलं नव्हतं, आणि आता तिथे काहीतरी होतं, घाबरलेलं आणि भुकेलेलं.

"त्याने फोन केला होता," लिनिया म्हणाली.

"तुला?"

"हो."

"असं म्हणाला? घर दिसतं म्हणून?"

खरं सांगायला तो क्षण पुरेसा होता. स्टोव्हवर किटली होती, तिचा आवाज येत होता. लिनिया म्हणाली, "हो."

रोंडा खुर्चीवर बसली. आधी का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं नाही. तिने सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, आवाज कसा होता, दमलेला होता का, हसत होता का. लिनियाने निबंधात लिहिलं होतं तेच सांगितलं, आणि सांगता सांगता त्यात थोडी भर पडली. त्या संध्याकाळी रोंडाने हरणाचं मांस दोनदा वाढून घेऊन खाल्लं. वेन तिच्याकडे बघत राहिला. लिनियाकडे त्याने एकदाच पाहिलं.

नाताळनंतर रोंडा दगड घडवणाऱ्या म्हाताऱ्या साल्मीकडे गेली. आर्वोच्या थडग्यावर दगड बसवायचा राहिला होता, कारण त्यावर काय लिहायचं हे तिला सुचत नव्हतं. आता सुचलं होतं. साल्मीने सांगितलं, जमीन मऊ झाली की मेमध्ये बसवू, अक्षरं मी मार्चअखेर कोरायला घेतो. रोंडा म्हणाली, कोरायच्या आधी एकदा मला बघून येऊ दे.

"काय बघून यायचंय?" वेनने विचारलं.

"त्याने काय बघितलं ते."

जानेवारीतल्या एका रविवारी ती लिनियाला घेऊन लेकवर गेली. बर्फ तेव्हा दीड हात जाड होता, माणसं त्यावर ट्रक घेऊन जात होती, खोपट्या मांडल्या होत्या. आर्वोची जागा गावात सगळ्यांना माहीत होती. तिथे उभी राहून रोंडाने घराच्या बाजूच्या टेकाडाकडे पाहिलं. स्प्रूसची झाडं, झाडं आणि झाडं. ती दहा पावलं डावीकडे गेली, मग उजवीकडे. शेजारच्या खोपटीतून रॉय टर्व्हो डोकावला, तिने त्याला विचारलं, "रॉय, इथून आमचं घर दिसतं का रे?"

रॉय बिचारा गोंधळला. म्हणाला, "धूर दिसतो कधीकधी. वारा नसला तर."

"घर?"

"घर नाही पाहिलं कधी."

"त्याला दिसलं होतं," रोंडा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

लिनिया तिच्या मागून चालत होती. आईच्या बुटांचे ठसे बर्फावर उमटत होते, पुढे जाऊन वळत होते, परत येत होते. रोंडा मधेच थांबे, मान वाकडी करून बघे, एका डोळ्यावर हात धरून बघे. अंधारून येईतो ती जागा सापडली नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "कुठेतरी झाडांत फट असणार. तो उंच होता माझ्यापेक्षा."

मग ती ड्यूटी संपली की रोजच जाऊ लागली. वृद्धाश्रमाचे निळे कपडे, वर आर्वोचा जुना शिकारीचा कोट. सोबत घडीची शिडी नेऊ लागली, आर्वोच्या उंचीएवढी व्हायला. खोपट्यांतली माणसं आधी हाक मारायची, कॉफी द्यायची, मग नुसती मान हलवायची, मग तीही बंद झाली. आणखी एक गोष्ट झाली. ती घरी येऊन जेवायची, झोपायची, कामावर हसायची. चर्चमधल्या बायका वेनला म्हणाल्या, रोंडा सावरली बरं का.

लिनियाचं उलट झालं. फोन ती बंद करून ड्रॉवरात ठेवायची, तरी वर्गात, बसमध्ये, जेवताना तिला तो लाकडावर घरघरल्याचा आवाज यायचा. विद्यापीठाकडून दर आठवड्याला काहीतरी यायचं. कपड्याची पिशवी, वसतिगृहाचं माहितीपत्रक, 'आमच्या नव्या ऑनर्स विद्यार्थ्यांना भेटा' असं म्हणणारं पत्रक, त्यात तिचा फोटो आणि खाली एक ओळ. ती ओळ. ती पत्रकं तिने पेटीत घालून माळ्यावर टाकली. पण जगात ते वाक्य आता तिच्याशिवायही फिरत होतं. एकदा दुकानात रांगेत कुणीतरी अनोळखी बाई तिचा हात दाबून म्हणाली, "निदान तू तरी त्याच्याशी बोललीस."

मार्च उजाडला. दुपारी छपरांवरून पाणी गळू लागलं, खोपट्या एकेक करून निघाल्या. रोंडाचं जाणं थांबलं नाही. आता ती नदीच्या बाजूला शोधत होती, कारण बाकी सगळीकडे बघून झालं होतं.

लिनिया बापाकडे गेली. वेन गॅरेजमध्ये गाडीच्या टायरांवर चढवायच्या साखळ्या साफ करत होता. तिने सांगितलं की आईला थांबव, बर्फ खराब झालाय.

"सांगितलं मी तिला," तो म्हणाला. "ऐकत नाही."

"बाबा, अशी जागाच नाहीये. तिथून घर दिसत नाही."

वेनने साखळी खाली ठेवली. हात पुसले, खूप वेळ पुसत राहिला.

"गेल्या मार्चच्या फोनच्या बिलात मी बघितलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या नंबरवर तीन फोन, एकेका मिनिटाचे. निरोपाच्या मशीनने उचललं की, निरोप नसला तरी एक मिनिट धरतात."

लिनियाने पाठीमागचं दार लोटून घेतलं.

"ते बिल मी तिला दाखवलं नाही. मला वाटलं होतं, कधीतरी तूच सांगशील. मग ते पत्र आलं, आणि ती जेवली त्या दिवशी. म्हटलं, राहू दे तसंच." तो तिच्याकडे बघत नव्हता. "चूक झाली असेल माझी."

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो दमलेला होता. एक वर्ष तो तिच्याबरोबर एका टेबलावर जेवत होता, शनिवारी वाफेच्या अंघोळीची सौना तापवत होता, तिला शाळेत सोडत होता, आणि त्याला माहीत होतं.

त्यानंतर तीन दिवसांनी आर्वोला जाऊन वर्ष पूर्ण झालं. त्या दिवशी लिनिया शेवटचा तास सोडून सरळ लेकवर गेली. आईची गाडी धक्क्यापाशी उभी होती. बर्फाचा रंग बदलला होता, राखाडी, मधेमधे काळसर, कडेला पाण्याची रेघ सुटलेली. एकाच माणसाचे ठसे आत गेले होते. रोंडा पाव मैलावर होती, नदीच्या तोंडाच्या अलीकडे, हातात शिडी, आणि ती अजून पुढे चालली होती.

लिनियाने हाक मारली. वारा तिच्याच तोंडावर येत होता. रोंडाने वळून पाहिलं, हात हलवला आणि पुढे निघाली. लिनियाने दोन पावलं बर्फावर टाकली, पायाखाली काहीतरी लांबवर तडकत गेल्याचा आवाज आला. ती मागे आली. मग तिने फोन काढला. बोटं बधिर झाली होती. पलीकडे घंटी वाजत राहिली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तिच्या मनात आलं, आई उचलणार नाही.

"हं, बोल गं," रोंडा म्हणाली. "मला वाटतं सापडली. इथे झाडं विरळ आहेत. अजून थोडी पुढे गेले की—"

"आई, थांब. पुढे जाऊ नकोस. तिथून घर दिसत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"ते मी लिहिलं. तो नाही म्हणाला." फोनमध्ये वारा होता, दोघींच्या बाजूचा. "त्याने तीनदा फोन केला. मी उचलला नाही. माझा पेपर चालू होता. मी बघितलं त्याचं नाव आणि उचलला नाही. तो काहीच बोलला नाही, आई. आपल्याला माहीत नाही तो काय बोलणार होता."

लांबवर ती आकृती उभी होती. शिडी हातातून सुटून आडवी पडलेली लिनियाला दिसली, आवाज आला नाही. फोन चालू होता. लिनियाला आईचा श्वास ऐकू येत होता आणि तिने आपला फोन कानाला इतका दाबला होता की पुढे दोन दिवस कान दुखत होता. ती फक्त म्हणत राहिली, "तुझ्याच पावलांवरून ये. आल्या वाटेनेच ये."

रोंडा आली. सावकाश, खाली बघत, आपल्याच ठशांत पाय ठेवत. धक्क्यावर चढायला लिनियाने हात पुढे केला, तो तिने धरला नाही.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"तीन चाळीस. तीन बेचाळीस. तीन एक्कावन्न."

रोंडाने मान हलवली, जणू एखाद्या पेशंटची नोंद घेत होती. मग म्हणाली, "गाडीत बस. थंडी आहे."

त्यानंतर ती लिनियाशी बोलली नाही असं नाही. जेवायला ये, दार लाव, बाबाला उठव. यापलीकडे काही नाही. लेकवर गेली नाही. एका सकाळी साल्मीला फोन करून तिने सांगितलं की नाव आणि दोन तारखा, बस. मग पुन्हा ताटात चमचा फिरवू लागली, आणि हे आपणच केलं हे लिनियाला रोज दोन वेळा बघावं लागे.

एप्रिलच्या सुरुवातीला लिनियाने डीन लोमॅक्सना लिहिलं. मिसेस पेल्कींना आधी सांगितलं, त्या रडल्या, म्हणाल्या तुला हे करायलाच हवं असं नाही, मग म्हणाल्या, हवंच. पत्र पाऊण पानाचं होतं. आपण काय खोटं लिहिलं आणि खरं काय होतं, एवढंच. शेवटी तिने लिहिलं होतं की सगळं परत घ्या, शिष्यवृत्तीसुद्धा.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, पातळ पाकिटात, समितीच्या सहीने. ऑनर्स कॉलेजचा प्रवेश रद्द करण्यात येत आहे. विद्यापीठातला प्रवेश कायम आहे. गुणवत्ता शिष्यवृत्ती शाळेतले गुण आणि परीक्षेचा निकाल यांवर दिली जाते, निबंधाचा तिच्याशी संबंध नाही, सबब तीही कायम आहे. निळ्या शाईत काही नव्हतं.

लिनियाने पत्र टेबलावर ठेवलं. ती म्हणाली की आपण जाणार नाही. ऑनर्सचं काढून घेतलं ते बरोबर झालं, ते निबंधाचं होतं. पण हे उरलंय ते त्या परीक्षेचं आहे. ज्याच्यासाठी तिने फोन पालथा ठेवला होता, नेमकं तेवढंच त्यांनी तिच्याकडे राहू दिलं होतं. ते ती कसं घेणार? वेन म्हणाला, ते तू कष्टाने मिळवलंस. ती म्हणाली, केव्हा मिळवलं ते माहीत आहे ना तुला.

रोंडा सिंकपाशी भांडी घासत होती. पाठमोरीच बोलली. लेकवरच्या दिवसानंतरचं तिचं ते पहिलं पूर्ण बोलणं.

"जायचंस तू. ते त्याच्या बदल्यात आलंय. परत कुणाला करणार आहेस?"

वेन म्हणाला, "रोंडा." तिने नळ मोठा सोडला.

मेमध्ये दगड बसला. ऑगस्टमध्ये वेनने लिनियाला दक्षिणेत नेऊन सोडलं, नऊ तासांचा रस्ता. रोंडा दारापर्यंत आली होती.

विद्यापीठात तिला साध्या वसतिगृहात दोघींची खोली मिळाली. जोडीदारीण जोस्लिन, डेट्रॉइटजवळची, गप्पिष्ट. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, भावंडं किती, आणि लिनियाने सगळं सांगितलं, तीन फोनही सांगितले, निबंधही. ठरवलं होतं तिने, आता कुणालाही अर्धं सांगायचं नाही. जोस्लिनने तिला जवळ घेतलं, रडलीसुद्धा. पण त्यानंतर खोलीत लिनियाचा फोन वाजला की ती दचकायची. तिसऱ्या आठवड्यात खिडकीतून वारा येतो असं सांगून तिने खोली बदलून घेतली. तिच्या जागी कुणी आलं नाही. दुसरा पलंग रिकामाच राहिला, नुसती निळी गादी, आणि लिनियाने त्यावर कधी पुस्तकही ठेवलं नाही. तिचे गुण उत्तम होते. अभ्यासाला बसली की तिला कसला आवाज ऐकू येत नसे, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटायचं.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर रोंडा उभी होती, एकटी, अर्ध्या वाटेवर कुठेतरी मुक्काम करून आलेली, केस विस्कटलेले. तिने खोली बघितली. रिकाम्या पलंगावर बसली, गादी दाबून पाहिली. लिनिया तिच्यासमोर आपल्या पलंगावर बसली. दोघींचे गुडघे जवळजवळ टेकत होते.

"त्या दिवशी मी पहाटे पाचलाच गेले होते ड्यूटीला," रोंडा म्हणाली. "तो उठला नव्हता. मी त्याला आदल्या रात्रीच पाहिलं शेवटचं, तेही सोफ्यावर झोपलेला." ती थांबली. "तू होतीस सकाळी. जे खरं आहे तेच सांग. काय घातलं होतं त्याने?"

लिनियाने डोळे मिटले नाहीत. तिला आठवायला वेळ लागला, कारण त्या सकाळकडे ती इतक्या महिन्यांत कधी गेलीच नव्हती, दुपारपाशीच अडकली होती.

"हिरवा स्वेटर," ती म्हणाली. "कोपराला फाटलेला. उठला तो दहा वाजता. फ्रिजमधली मांस-बटाट्याची पेस्टी उभ्याउभ्याच खाल्ली, गार. मी म्हटलं गरम कर की, तर म्हणे पोटात जाऊन होते गरम. मग हात माझ्या टॉवेलला पुसले. त्यावरून भांडलो आम्ही. मी त्याला डुक्कर म्हटलं."

"तो काय म्हणाला?"

"डुकरासारखा आवाज काढला. मी हसले नाही. हसू आलं होतं, पण हसले नाही."

रोंडाच्या चेहऱ्यावर काही हललं. तिने कोट काढला, पाय वर घेतले आणि भिंतीला टेकून बसली.

"मग?" ती म्हणाली.